कुणाला किती धरायचं, कुणाला किती सोडायचं: नव्या सुपरवायझर आणि टीम लीडसाठी

"मी सगळ्यांशी सारखाच वागतो." पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही नव्या सुपरवायझरला विचारा, हे वाक्य तो छाती पुढे काढून सांगेल. हेतू चांगलाच असतो. पक्षपात नको, उद्या कुणी बोट दाखवायला नको. पण शॉपवर त्याचं काय होतं ते बघा. आयटीआय करून गेल्या महिन्यात लागलेला ट्रेनी आणि टेल्कोत (आताच्या टाटा मोटर्समध्ये) अप्रेंटिसशिप करून केस पांढरे झालेला सेटर (नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारा), दोघांनाही साहेब दर दोन तासांनी येऊन एकच प्रश्न विचारतात: "किती झाले?" ट्रेनीला त्या प्रश्नाचा उपयोग शून्य. नग किती झाले हे त्याला माहीत असतं, बोअर (जॉबमधलं भोक) लहान यायला लागल्यावर ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) किती द्यायचा हे माहीत नसतं. आणि सेटरच्या मनात येतं, की एवढी वर्षं काढली आणि हा पोरगा माझे नग मोजतोय.

हाताखाली पाचपासून बारा-पंधरापर्यंत माणसं आहेत आणि नुकतीच जबाबदारी अंगावर आली आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. माझं आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलं, त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिथलीच. हिंजवडी-खराडीकडच्या आयटीतल्या टीम लीडनी जॉबच्या जागी मॉड्यूल वाचावं, फारसं काही बदलणार नाही.

माणसागणिक बदलायचं म्हणजे नक्की काय बदलायचं, ते आधी ठरवून घेऊ. बदलायच्या गोष्टी तीनच आहेत: काम किती बारकाईने सांगायचं, मध्ये किती वेळा जाऊन बघायचं आणि निर्णय कुणाच्या हातात ठेवायचा. मान, सुरक्षेचे नियम, पगार, ओव्हरटाइमचा दर, रजेची पद्धत यांना हात लावायचा नाही. या दोन खात्यांची सरमिसळ झाली की शॉपवर कुजबुज सुरू होते.

पायरी पहिली: यादी माणसांची नको, माणूस आणि काम यांची करा

बहुतेक जण इथेच घसरतात. "अमका हुशार, तमका कच्चा, तो तिसरा सांभाळून घ्यावा लागतो" अशी यादी डोक्यात तयारच असते. ती बाजूला ठेवा. एक कागद आडवा घ्या. डावीकडे माणसांची नावं, वरती कामं. मशीन शॉप असेल तर सेटिंग, टूल ऑफसेट, मायक्रोमीटरने मोजमाप, शिफ्ट हँडओव्हर, टॅबलेटवर प्रॉडक्शन एन्ट्री. सॉफ्टवेअरची टीम असेल तर कोड लिहिणं, दुसऱ्याचा कोड तपासणं, क्लायंटशी कॉलवर बोलणं, कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज देणं, रात्री काही बंद पडलं तर उठून बघणं. प्रत्येक चौकोनात चारपैकी एक खूण: नवीन आहे, अडखळतो, जमतं पण विचारून करतो, एकटा करतो.

खुणेशेजारी एक गोष्ट आवर्जून लिहा: हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलंत? "मार्चमध्ये फर्स्ट पीस (सेटिंगनंतर तपासायचा पहिला नग) दोनदा परत आला" हा पुरावा. "जरा निष्काळजी वाटतो" हा पुरावा नाही. अर्ध्या चौकोनांत लिहायला काहीच सापडणार नाही. ते चौकोन रिकामे सोडा आणि पुढच्या आठवड्यात जाऊन बघा.

कागद भरला की लक्षात येईल, कुणाचीही ओळ डावीकडून उजवीकडे सारखी नाही. सेटिंगमध्ये ज्याला तोड नाही तो टॅबलेटच्या एन्ट्रीत नवखा आहे. जिचा कोड कुणी तपासला नाही तरी चालेल, ती क्लायंटच्या कॉलवर गप्प बसते. म्हणून "त्याला कसं हाताळायचं" हा प्रश्नच अपुरा आहे. "या कामात त्याला किती धरायचं" असा प्रश्न केला तर उत्तर सापडतं.

ही कल्पना नवी नाही. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये ती मांडली: माणसाची त्या कामाची तयारी पाहून नेत्याने सांगणं, पटवणं, सोबत घेणं आणि सोपवणं यांतली पद्धत निवडावी. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणांत ते चार चौकोन इतके फिरवले गेले की आता ते नियमच आहेत असं वाटतं. तसं नाही. रॉबर्ट व्हेकिओ यांनी शाळांमधल्या शिक्षकांवर हा सिद्धांत तपासून १९८७ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा नव्याने लागलेल्यांच्या बाबतीत तो बऱ्यापैकी टिकला, मुरलेल्यांच्या बाबतीत पुरावा तितका भक्कम निघाला नाही. माझाही अनुभव याच्या जवळ जातो. नव्याला बारकाईने सांगावं लागतं, यात वाद नाही. अनुभवी माणसाचं गणित मात्र चार चौकोनांत बसत नाही, तिथे बोलून घ्यावंच लागतं.

आणखी एक सावधगिरी. स्वभावाचे चार रंग, पाहून शिकणारा आणि ऐकून शिकणारा, असल्या चाचण्यांवर हा कागद भरू नका. शिकण्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकलं जातं का, याचा हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आढावा घेतला. तसं म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. चाचणी तरी छापील असते. त्याहून वाईट आपल्याकडच्या न छापलेल्या चाचण्या: "गावाकडची मुलं सांगितलं तेवढंच करतात", "यूपीवाले टिकत नाहीत", "लग्न झालं की बायकांचं लक्ष घरी". कागदावर असलं एक वाक्य जरी उमटलं तरी तो फाडून नवा घ्या.

पायरी दुसरी: अडतंय कुठे ते शोधा

कुणाचं काम घसरलं की आपण दोनच निदानं करतो: येत नाही किंवा करायचं नाही. पहिल्याला ट्रेनिंग, दुसऱ्याला मेमो. मधली दोन कारणं राहूनच जातात. एक, त्याला येतं पण साधन किंवा वेळ मिळत नाही. दोन, नक्की काय हवंय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

उदाहरण घ्या. सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरचे नग फर्स्ट शिफ्टपेक्षा सतत कमी येतात. शॉपवर सगळ्यांनी त्याला कामचुकार ठरवून टाकलंय. साहेब दिवसा असतात, त्यामुळे कुणी पाहिलेलं नाही. एक दिवस संध्याकाळी सहानंतर थांबून बघा. स्टोअर सहाला बंद. इन्सर्ट (टूलला लावायचं कापणारं पातं) घासला की नवा मिळायला किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला शोधावं लागतं. इन्स्पेक्टर एकच, तो दुसऱ्या शेडमध्ये. फर्स्ट पीस मंजूर व्हायला पाऊण तास, तोवर मशीन उभं. या माणसाशी तुम्ही कुठल्याही शैलीत वागा, नग वाढणार नाहीत. स्टोअर बंद व्हायच्या आधी इन्सर्टचा एक डबा सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरकडे ठेवायची सोय करा, नग आपोआप वाढतील.

थर्ड शिफ्टमध्ये चुका करणाऱ्या पोरांचंही तसंच. बीड-लातूरकडून आलेला मुलगा दिघीला कॉट बेसिसवर राहतो, खोलीत पाच-सहा जण, प्रत्येकाची शिफ्ट वेगळी. दिवसा झोप होतच नाही. त्याच्या खाजगी आयुष्यात नाक खुपसायचं कारण नाही. पण शिफ्टचं रोटेशन लावताना एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकच शिफ्ट देता येत असेल, तर द्यायला काय हरकत आहे?

म्हणून नियम ठेवा: कारण नक्की होईपर्यंत वागण्यात काही बदलायचं नाही. आणि कारण शोधायचं ते कामाच्या जागी उभं राहून, रिपोर्ट वाचून नव्हे.

पायरी तिसरी: बोलून घ्या, पण केबिनमध्ये बोलावू नका

काचेच्या केबिनमध्ये कुणाला बोलावलं की बाहेर सगळ्या शॉपला वाटतं, गेला बिचारा. आत आलेला माणूसही तसाच बसतो, आणि तुम्ही काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "काही अडचण नाही साहेब." कॅन्टीनचा कोपरा बरा, गेटबाहेरची टपरी त्याहून बरी. आयटीवाल्यांनी मीटिंग रूमचं बुकिंग करण्यापेक्षा कँपसमध्ये एक फेरी मारावी. शेजारी शेजारी चालताना माणूस जास्त बोलतो.

संबोधनात गफलत करू नका. तुम्ही अठ्ठावीसचे आणि समोरचा पन्नाशीचा असेल तर "काका" किंवा नावापुढे "राव", आणि अहो-जाहो. तो तुम्हाला "साहेब" म्हणतो म्हणून तुम्ही त्याला अरे-तुरे करायचं नसतं. ट्रेनीला "अरे" चालतं, पण चारचौघांत चूक दाखवताना त्याच "अरे"ला धार येते, हे ध्यानात ठेवा. हिंजवडीत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, तिथे हा प्रश्न वरवर सुटलेला दिसतो. पण मराठीत बोलायला लागलात की तुम्ही की तू हे ठरवावंच लागतं. समोरच्यापासून सुरू होऊ द्या.

प्रश्न माणसाविषयी विचारू नका, जॉबविषयी विचारा. मागच्या आठवड्यातलं ड्रॉइंग किंवा आयटीत असाल तर कामाचं तिकीट समोर ठेवा. "यातला कुठला भाग डोळे झाकून होतो, आणि कुठे हात थांबतो?" एवढ्यावरून बरंच कळतं. मग: "मी येऊन विचारलेलं कधी नकोसं झालं, आणि कधी यायला हवा होतो तेव्हा फिरकलो नाही?" याचं उत्तर पहिल्या भेटीत मिळणार नाही. हरकत नाही, विचारून ठेवा.

मला स्वतःला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो तिसरा प्रश्न: "अडलं की आधी कुणाला विचारता?" दहा जणांना विचारलंत की शॉपचा खरा नकाशा हातात येतो. सगळे एकाच सेटरचं नाव घेत असतील, तर त्याची दिवसाची किती कामं यातच जातात हे तुम्हाला आत्ता कळलं. एखादा म्हणाला "कुणालाच नाही, मीच बघतो," तर तो एकतर फार तयार आहे, नाहीतर विचारायला घाबरतो. दुसरं असेल तर त्याच्याकडे आधी जा.

बिहार-ओडिशाकडचे ऑपरेटर असतील तर हे सगळं हिंदीत करा, आणि मशीनशेजारी लावलेल्या सूचना फोटोंसह लावा. मराठीत भराभर सांगून "समझ गया ना?" विचारलं की मान हलतेच. मान हलली म्हणजे कळलं असं नाही.

पायरी चौथी: प्रत्येक कामासाठी अंतर ठरवा

आता कागदावरच्या खुणांप्रमाणे.

नवीन आहे, त्याला जवळून धरा. यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या सुपरवायझरांना शिकवलेली चार टप्प्यांची रीत अजून कुणी मागे टाकलेली नाही. पुढे ती जपानमध्ये गेली आणि टोयोटाच्या कामाच्या पद्धतीतही मुरली. आधी माणसाला तयार करा, मग करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवून हळूहळू मागे व्हा. खरी मेख करून दाखवण्यात आहे. नुसता टप्पा सांगायचा नाही, त्यातली कळीची गोष्ट आणि तिचं कारणही सांगायचं.

समजा टर्निंगवर २५ मिलिमीटरचा एच७ बोअर आहे. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, शून्य ते अधिक २१ मायक्रॉन. ट्रेनीला सांगायचं: "इन्सर्टचं टोक घासत जातं, म्हणून बोअर हळूहळू लहान यायला लागतो. म्हणून वेअर ऑफसेट प्लसमध्ये. किती द्यायचा ते आधीचे पाच नग मोजून ठरव, एका नगावरून नको, कारण एखादा नग गरम असतो, एखाद्यात चिप अडकलेली असते." मग त्याच्याकडून करून घ्या आणि करताना त्याला मोठ्याने बोलायला लावा. हात बरोबर चालतात पण कारण चुकीचं सांगतो, असं झालं तर त्याला अजून आलेलं नाही. पहिल्या आठवड्यात दर तासाला फेरी, दुसऱ्यात दिवसातून तीनदा, मग शिफ्टला एकदा. हे वेळापत्रक त्यालाही सांगून ठेवा. नाहीतर तुम्ही येणं कमी केलंत की त्याला वाटतं, साहेब नाराज आहेत.

अडखळतो, त्याच्याशी वागणं सगळ्यांत अवघड. सुरुवातीची हौस संपलेली असते आणि हात अजून बसलेला नसतो. इथे सुपरवायझर वैतागतो आणि काम स्वतःच उरकून टाकतो. ते करू नका. काम त्याचंच राहू द्या, फक्त तुकडा लहान करा. पूर्ण सेटिंग जमत नसेल तर महिनाभर फक्त टूल बदलणं आणि ऑफसेट. क्लायंटचा अख्खा कॉल पेलत नसेल तर शेवटची पाच मिनिटं, पुढच्या कामाची यादी वाचून दाखवणं, एवढंच.

जमतं पण विचारून करतो, त्याला उत्तर द्यायचं थांबवा. निर्विकार चेहऱ्याने उलटा प्रश्न करा: "तुला काय वाटतं?" तो सांगेल. बरोबर असेल तर "कर." चूक असेल आणि नुकसान लहान असेल तरीही "कर." पुढच्या वेळी विचारायला यायच्या आधी तो स्वतः दोन पर्याय घेऊन येईल. मोठं नुकसान, डिस्पॅचची गाडी किंवा कुणाचं बोट धोक्यात असेल तिथे हा खेळ खेळायचा नाही, सरळ सांगायचं.

एकटा करतो, त्याला सोडा. पण सोडणं आणि टाकून देणं यांत फरक आहे. तीन गोष्टी स्पष्ट ठरवून सोडायचं: काय हवंय, कुठपर्यंत त्याची मर्जी आणि मला कधी कळवायचं. "काका, महिनाअखेरपर्यंत ही बॅच निघाली पाहिजे. टूल, क्रम, माणसं तुमच्या मनाप्रमाणे. रिजेक्शन दोन टक्क्यांवर गेलं की मला फोन." आणि मग खरोखर जाऊन डोकावू नका. बारीक सूचना अनुभवी माणसाला निरुपयोगी तर असतातच, त्या त्याच्या कामात अडथळाही आणतात. नवख्याला तारणारं मार्गदर्शन तरबेज माणसाला मागे खेचतं, हे शिकण्यावर संशोधन करणाऱ्या स्लाव्हा काल्यूगा, जॉन स्वेलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं.

खरी परीक्षा होते ती एकाच माणसात दोन टोकं असतात तेव्हा. कंपनीने प्रॉडक्शन एन्ट्रीसाठी टॅबलेट आणले. पन्नाशीचा सेटर, सेटिंगची वही ज्याने वर्षानुवर्षं स्वतःच्या अक्षरात लिहिली, तो टॅबलेटला हात लावत नाही. "माझं काम मशीनवर आहे." वरून दिसतो अडमुठेपणा. आतमध्ये असते भीती, की पोरांसमोर माझं बोट चुकीच्या जागी पडेल.

याला सगळ्यांबरोबर ट्रेनिंग रूममध्ये बसवलंत की तो कायमचा हातचा गेला. असं करा. सगळ्यांच्या आधी दोन दिवस, शिफ्ट संपल्यावर, एकट्याला शिकवा. शिकवायला तुम्ही बसू नका, एखाद्या शांत ट्रेनीला बसवा, आणि हा सौदा दोन्ही बाजूंनी ठेवा: तो काकांना एन्ट्री शिकवेल, काका त्याला टूल सेटिंग शिकवतील. कुणीच फुकटचा विद्यार्थी नाही. पहिला महिना वही आणि टॅबलेट दोन्ही चालू द्या. हिशेब जुळतोय हे त्यांनी स्वतः पाहिलं की वही आपोआप मागे पडते. नाही पडली तरी काय बिघडलं? त्या वहीत प्रोग्राममध्ये कुठेही नसलेल्या गोष्टी असतात. आणि या सगळ्या काळात सेटिंगच्या कामात त्यांना पूर्वीइतकंच मोकळं सोडा. एका कामात हात धरलाय म्हणून दुसऱ्यातही धरू लागलात, तर त्यांचं म्हणणं खरं ठरतं.

तसंच नव्याने सुपरवायझर केलेल्या पहिल्या नंबरच्या ऑपरेटरचं. कालपर्यंत एकट्याने सगळं निभावणारा माणूस आज नवशिका झालाय, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. कालचे मित्र आज हाताखाली आहेत. त्यांना "आज थांबावं लागेल" हे कसं सांगायचं, हे त्याला जमत नाही, म्हणून तो स्वतःच मशीनवर उभा राहतो. पहिले काही आठवडे शिफ्ट हँडओव्हर त्याच्यासोबत लिहा, रजा नाकारायची वेळ आली की आधी तुमच्यासमोर बोलून बघायला सांगा.

बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या सहकाऱ्यांबाबत एक चूक फार वेळा पाहिली आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते. तेवढ्यात प्रोजेक्ट पुढे गेलेला असतो. लीड काळजीपोटी तिला हलकं काम देतो, न विचारता. तिच्या कागदावरच्या खुणा पुसल्या गेलेल्या नसतात. बदललेल्या दोन-तीन गोष्टी शिकवा, बाकी कामं होती तशी परत द्या आणि वेळेबाबत तिलाच विचारा. संध्याकाळचा अमेरिकेचा कॉल अडचणीचा असेल तर ती सांगेल.

पायरी पाचवी: चूक दाखवणं

हे थोडक्यात. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये कामावरच्या प्रतिक्रियांविषयीचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून पाहिले. सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा प्रतिक्रिया दिल्यानंतर काम आधीपेक्षा खालावलं होतं. लक्ष कामावरून उठून "मी कसा आहे" याकडे गेलं की नुकसान होतं, असं त्यांचं स्पष्टीकरण. आपल्या भाषेत: "बोअर खालच्या बाजूला जातोय, ऑफसेट कधी दिला होतास?" चालेल. "तुझं लक्ष कुठे असतं?" चालणार नाही.

कुणाला लगेच सांगायचं, कुणाला शिफ्ट संपल्यावर, कुणाला लिहून, हे माणसागणिक बदलू द्या. कौतुकाचंही तसंच. काहींना चारचौघांत टाळ्या आवडतात, काही तेवढ्यानेच लाजून आठवडाभर तोंड लपवतात. आणि पुण्यात "बरं झालंय" ही बऱ्यापैकी वरच्या दर्जाची पावती आहे, हे बाहेरगावाहून आलेल्या माणसाला माहीत नसतं. त्याला नीट शब्दांत सांगा की काम चांगलं झालंय आणि त्यातलं नक्की काय आवडलं.

पायरी सहावी: "त्याला सूट का?"

हा प्रश्न येणारच, आणि आला तर चांगलंच. गप्प बसलेल्या शॉपची जास्त काळजी करावी. उत्तराची तयारी आधी लागते, म्हणजे मोकळीक कशी मिळते याचा नियम भिंतीवर असला पाहिजे. उदाहरणार्थ, सलग वीस सेटिंगचे फर्स्ट पीस पहिल्याच फटक्यात मंजूर झाले, तर त्या ऑपरेटरला पुढे फर्स्ट पीस स्वतः तपासून नंतर सही घ्यायची मुभा. कुणीही मिळवू शकतो, चुकलं तर कुणाचीही जाऊ शकते. मग "त्याला का?" याला उत्तर असतं: "तूही मिळव, तुझे चौदा झालेत."

जे सगळ्यांना सारखं ते सारखंच. सेफ्टी शूज आणि गॉगल सेटरलाही, मालकालाही. गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीला कामावर बोलावायचं तर पाळी सगळ्यांची येईल, नेहमी जो नाही म्हणत नाही त्याचीच नव्हे. गणपतीच्या आणि वारीच्या रजेसाठी अर्ज किती आधी द्यायचा आणि एका शिफ्टमधून किती जण जाऊ शकतात हे आधी जाहीर करा. त्या मर्यादेत कुणी जायचं ते त्यांनाच आपसांत ठरवू द्या, ते तुमच्यापेक्षा चांगलं ठरवतात. वेळेची सूट कामाच्या स्वरूपावर ठेवा. लाइनवरच्या माणसाला शिफ्टची वेळ सोडता येत नाही. हिंजवडीतल्या डेव्हलपरने वाकडच्या पुलावरची गर्दी चुकवायला सकाळी साडेसातला येऊन चारला निघणं चालत असेल, तर ते कुणालाही चालू द्या. एकट्या लाडक्याला नाही.

पायरी सातवी: महिन्यातून एकदा कागद काढा

खुणा बदलतात. चांगला शिकला असेल तर एक पायरी सैल सोडा. चूक झाली तर त्या कामापुरती एकच पायरी जवळ या. मोठ्या रिजेक्शननंतर सुपरवायझर घाबरून सगळ्यांचं सगळं परत हातात घेतो आणि चार महिन्यांची कमाई एका दिवसात जाते. बोअर चुकला असेल तर बोअरचंच चेकिंग वाढवा, त्याची शिफ्ट हँडओव्हर वाचायला बसू नका.

जवळ यायचं असेल तर तसं तोंडाने सांगा: "पुढचे दोन आठवडे या जॉबवर मी रोज येणार आहे. पंधरा तारखेला परत बघू." मुदत सांगितली की तो पाळत ठेवणं समजत नाही.

तीन महिने नीट प्रयत्न केले, साधन दिलं, शिकवलं, बोलून घेतलं, तरी एखाद्या कामाची खूण हलली नाही, असं होतं. तेव्हा त्या माणसाची बाकीची ओळ बघा. इन्स्पेक्शनमध्ये जीव रमत नसेल पण हाताला सेटिंग बसलं असेल, तर कामाची अदलाबदल करा. सगळीच ओळ अडकलेली असेल तर एचआरला सोबत घेऊन लेखी बोलायची वेळ आली आहे. तेही पुढे ढकलू नका, कारण त्याच्या वाटचं काम तोवर दुसरं कुणीतरी उचलत असतं.

कागद मात्र जपून ठेवा. तो टेबलावर पडू द्यायचा नाही, त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा नाही. ज्याची ओळ त्याने मागितली तर त्याला दाखवायची तयारी हवी. दाखवायला लाज वाटेल असं काही तिथे लिहिलं असेल तर ते खोडा. उद्या तुमची बदली चाकणच्या प्लांटला झाली, तर नव्या सुपरवायझरला कामांचे रकाने, तारखा आणि पुरावे द्या. खुणा देऊ नका. पहिल्या महिन्यात फिरून त्या त्याच्या त्यालाच भरू द्या.